गिझर पाणी तापवत नाही? आधी काय तपासायचं, मग काय उघडायचं

गिझर बंद पडला की घरातलं कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढतं. नाहीतर वायरमन येतो, ‘कॉइल गेली’ म्हणतो आणि नवी बसवून जातो. कधी त्याने काम भागतं. बऱ्याचदा आठवड्याभरात पाणी परत गार, कारण कॉइल गेलीच नव्हती, किंवा ती ज्या कारणाने गेली ते कारण जागच्या जागी आहे. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. तपासणी बाहेरून आत जायला हवी: आधी पाणी, मग वीज, मग कटआउट (पाणी अति तापलं की वीज तोडणारा) आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला तापवणं थांबवणारा), आणि पाणी तापवणारी कॉइल सगळ्यात शेवटी.

खालचे टप्पे २३० व्होल्टवर चालणाऱ्या, भिंतीवरच्या साठवणीच्या गिझरसाठी आहेत. गॅस आणि सोलरचं शेवटी थोडक्यात आहे. पहिल्या तीन टप्प्यांत गिझरचं झाकण उघडावं लागत नाही, त्यामुळे ते कुणालाही जमतील; त्यातलं व्होल्टेज मोजायचं काम तेवढं सवय नसेल तर वायरमनवर सोडा. चौथ्यापासून पुढे मल्टीमीटर हाताळायची सवय असेल तरच जा, नाहीतर तिसऱ्या टप्प्यापर्यंत जे सापडलं ते कागदावर लिहून वायरमनच्या हातात द्या. त्याचाही वेळ वाचतो आणि ‘कॉइल गेली’ हे उत्तर आपोआप येत नाही.

टप्पा १: तक्रार नेमकी काय ते ठरवा

‘गरम होत नाही’ या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी असतात.

पाणी तासाभरानंतरही नळाच्या पाण्याइतकंच गार असेल, तर वीज पोचत नाही, कटआउट पडलाय किंवा कॉइल तुटलीय. पाणी पाच-दहा सेकंद कढत येऊन मग कोमट होत असेल, तर गिझर तापतोय, गार पाणी कुठेतरी मिसळतंय. तिसरी तक्रार ‘तापतं, पण फार वेळ लागतो’ ही. चौथी म्हणजे गिझर लावला की एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की वीज तोडणारा) पडतो.

‘फार वेळ’ म्हणजे किती, ते आधी हिशेबाने बघा. २ किलोवॅटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण २१ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३५ मिनिटं. प्रत्यक्षात थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून जरा जास्तच धरा. थंडीत टाकीतलं पाणी १२ अंशांवर आलं की वेळ आणखी वाढतो, आणि त्यात गिझरचा काही दोष नसतो.

वेळ खरोखर दीडपट झाला असेल तर व्होल्टेज मोजा. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर २ किलोवॅटची कॉइल जेमतेम सव्वा किलोवॅट देते. ‘क्षार बसलेत म्हणून उशिरा तापतं’ असं सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. क्षाराचा थर असला तरी कॉइल तेवढीच वीज खाते, आणि ती उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? थरामुळे खरं नुकसान होतं ते कॉइलचंच. आत ती जास्त तापते आणि लवकर जळते.

आणखी एक गोष्ट घरातल्यांना विचारा: बंद पडायच्या आधी एक-दोन दिवस पाणी नेहमीपेक्षा जास्त कढत होतं का? नळ उघडल्यावर वाफ फुसफुसली होती का? उत्तर ‘हो’ असेल तर थर्मोस्टॅट चिकटल्याचा संशय पक्का धरा आणि पाचवा टप्पा नीट वाचा.

टप्पा २: पाणी आधी बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि ‘कोमट येतं’ या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच असतं.

गरम-गार मिक्सरला पुढे बटणाने बंद होणारा जेट किंवा हँडशॉवर लावलेला असतो. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पाणी नुसतं पुढच्या बटणाने बंद केलं, की गार आणि गरम अशा दोन्ही लाइन मिक्सरच्या पोटात एकमेकींना जोडल्या जातात. मग तुम्ही दुसऱ्या बाथरूममध्ये गरम नळ उघडता तेव्हा गिझरच्या पाण्याबरोबर या वाटेने गार पाणीही येतं. सिंगल लिव्हर मिक्सरची आतली कार्ट्रिज झिजली तरी हेच होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

तपासायची रीत अशी:

१. गिझरचा स्विच बंद करा. ही तपासणी चालू गिझरवर कधीच करायची नाही.
२. गिझरच्या इनलेटवरचा (गार पाणी आत जातं तिथला) कॉक पूर्ण बंद करा.
३. कुठलाही एक गरम नळ उघडा. पाइपातलं थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे.
४. धार चालूच राहिली तर गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतंय. आता एकेका मिक्सरखालचे अँगल कॉक बंद करत जा. ज्याच्या बंद होण्याने धार तुटेल, तो दोषी.

> तपासा: धार थांबली नाही तर इनलेटचा कॉक स्वतः नीट बंद होतोय ना, हेही बघा. जुने कॉक आत गळतात.

अलीकडेच प्लंबिंगचं काम झालं असेल तर गिझरच्या दोन जोडण्या अदलाबदल झाल्यात का, तेही बघा. निळ्या खुणेची बाजू गार पाणी आत जाण्याची, लाल खुणेची गरम बाहेर येण्याची. उलटं लागलं तर वरचं गरम पाणी टाकीतच राहतं आणि नळाला तळाचं गार येतं. गार पाणी तळाशी ठेवण्याची आतली नळी किंवा जाळी तुटली तरी लक्षण तसंच: गिझरवरचा दिवा वेळेवर विझतो, पण अर्धी बादली झाली की पाणी गार.

टप्पा ३: वीज गिझरपर्यंत पोचते का?

एमसीबीपासून सुरू करा. पडलेला एमसीबी कधी मध्येच अडकतो आणि लांबून वरच असल्यासारखा दिसतो. तो आधी पूर्ण खाली ओढा, मग वर करा. एकदाच. परत पडला तर तो वर करत बसू नका, टप्पा ४ ची खबरदारी घेऊन थेट टप्पा ६ ला जा.

मग स्विच बंद करून थ्री पिन टॉप बाहेर काढा आणि उजेडात धरून बघा. चांगली पिन पिवळसर किंवा पांढरट, एकसारखी चकचकीत असते. सैल बसलेली पिन टोकाकडे काळपट-निळी पडते, तिच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी होऊन फुगतं, आणि जळक्या बॅकेलाइटचा वास नाकाला लगेच कळतो. २ किलोवॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३ अँपिअर. एवढा करंट तासन्‌तास वाहताना जरासा सैलपणाही जाळायला पुरतो. अशा वेळी टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जळकी बाजू नव्यालाही महिन्याभरात आपल्यासारखं करते. गिझरला १६ अँपिअरचं सॉकेटच हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर गिझर चालवणं हा विषयच नको.

सॉकेट बघायला मोबाइलचा चार्जर लावून उपयोग नाही. चार्जर अगदी सैल जोडणीवरही चालतो. इस्त्री लावून पाच मिनिटं तापू द्या, म्हणजे भार पडल्यावर सॉकेट टिकतं की नाही ते कळतं.

आता टेस्टरचा घोळ. ‘टेस्टर लागतोय, म्हणजे सप्लाय आहे’ हे अर्धंच खरं आहे. टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, दाखवतो; वीज परत नेणारी न्यूट्रल दाखवत नाही. न्यूट्रल तुटलेला असेल तर फेज कॉइलमधून फिरून न्यूट्रलच्या टोकापर्यंत येतो आणि टेस्टर दोन्हीकडे पेटतो. पाणी गारच राहतं आणि गिझरवरचा दिवाही लागत नाही. टेस्टर दोन्ही बाजूंना लागला तर आनंद मानू नका, न्यूट्रल शोधा. मल्टीमीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसले तरच सप्लाय आहे असं म्हणायचं.

गिझर न उघडता करायची अजून एक तपासणी म्हणजे मीटर. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि गिझर लावून मीटरचा लुकलुकणारा दिवा बघा. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असं लिहिलं असेल तर २ किलोवॅटला तो सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो. तसा लुकलुकत असेल तर कॉइल वीज खातेय, आणि तुमचा प्रश्न विजेचा नसून टप्पा २ चा आहे. हललाच नाही तर पुढे चला.

टप्पा ४: झाकण उघडायच्या आधी

१. गिझरचा स्विच बंद, टॉप बाहेर, एमसीबी खाली. टॉप नसून वायर थेट बोर्डात गेली असेल तर नुसत्या स्विचवर भरवसा ठेवू नका. बरेच स्विच फक्त एक वायर तोडतात, आणि कधी चुकून ती न्यूट्रलची असते. मग स्विच बंद असूनही कॉइलवर फेज उभा असतो.
२. घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि एमसीबीवर चिकटपट्टी लावा.
३. गरम नळ उघडून पाणी गार होईपर्यंत वाहू द्या. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत त्वचा भाजतं.
४. हात आणि पाय कोरडे, पायात रबरी चप्पल, स्टूल न डगमगणारा.
५. झाकण काढल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही.
६. आत हात घालायच्या आधी मीटरने टर्मिनल तपासा. त्याआधी तोच मीटर एका चालू सॉकेटवर लावून बघा. बंद मीटरही ‘शून्य’ दाखवतो.

> सावध: टर्मिनलवर जळलेली, काळी पडलेली वायर दिसली तर तिथेच थांबा. ती कापून, नवा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची जोडणी) लावून जोडल्याशिवाय बाकीच्या तपासणीला अर्थ नाही. बऱ्याचदा दोष तोच असतो.

टप्पा ५: दिवा, कटआउट आणि थर्मोस्टॅट

बहुतेक गिझरमध्ये तापण्याचा दिवा कॉइलला समांतर जोडलेला असतो. तो लागतो याचा अर्थ कॉइलपर्यंत व्होल्टेज आलं, एवढाच. कॉइल आतून तुटली असली तरी तो लागतो. म्हणून दिवा लागतोय पण अर्ध्या तासानेही पाणी गार असेल तर संशय कॉइलवर घ्या. वीज येतेय पण दिवा लागत नाही, तर संशय कटआउट किंवा थर्मोस्टॅटवर. (दिवा स्वतः गेलेला असू शकतो, हे विसरू नका.)

कटआउट हे पाणी धोक्याइतकं तापलं की वीज तोडणारं साधन. त्यावर बहुधा लहानसं लाल बटण असतं. पाणी गार झाल्यावर ते दाबा. ‘टक’ असा आवाज आला तर तो पडलेला होता. गरम असताना बटण बसत नाही, त्यामुळे ‘बटण बसत नाही, कटआउट गेला’ हा निष्कर्ष घाईचा. काही गिझरमध्ये बटणाऐवजी एकदाच चालणारा थर्मल फ्यूज असतो. तो उडाला की त्याच क्षमतेचा बदलायचा.

लोक चुकतात ते इथेच. बटण दाबलं, पाणी तापलं, झाकण लावून मोकळे. कटआउट उगाच पडत नाही. थर्मोस्टॅटचे पॉइंट (आतले वीज जोडणारे-तोडणारे तुकडे) चिकटल्यामुळे पाणी तापतच राहिलं असेल, थर्मोस्टॅटची दांडी तिच्या नळीत अर्धवट बसल्याने त्याला पाण्याचं तापमान उशिरा कळलं असेल, किंवा त्याच्या टर्मिनलवरची सैल वायरच तापत असेल. बटण दाबून गिझर लावल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास तिथून हलू नका. दिवा आपणहून विझला पाहिजे. नाही विझला आणि पाणी फार कढत येऊ लागलं तर लगेच बंद करा, थर्मोस्टॅट बदला.

थर्मोस्टॅट तपासायला त्याच्या वायरी काढा, नॉब सगळ्यात जास्तवर ठेवा आणि दोन टर्मिनलांत मल्टीमीटर लावा. गार असताना जवळजवळ शून्य ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर तो तुटलाय. गार असताना शून्य दाखवणारा थर्मोस्टॅट चांगलाच असेल असं मात्र नाही, कारण चिकटलेलाही गार असताना शून्यच दाखवतो. दांडी कोमट पाण्यात धरून, नॉब कमीवर आणून, पॉइंट सुटल्याचा आवाज येतो का ते बघा.

> सावध: ‘तात्पुरतं’ म्हणून कटआउटची दोन टोकं वायरने एकत्र जोडू नका. थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआउट बाद असला तर बंद टाकीत वाफ धरते, आणि टाकी फुटते. इनलेटजवळचा सेफ्टी व्हॉल्व्ह तापताना थोडा ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणारेही असतात. पाणी तापलं की फुगतं; १५ लिटरच्या टाकीत २० ते ६० अंशांत पाव लिटरच्या आसपास जास्तीचं होतं, ते तिथून बाहेर पडतं. ते ठिबकू द्या.

टप्पा ६: कॉइल

कॉइलच्या दोन्ही वायरी काढून मग मोजा, नाहीतर दिव्याचा आणि बाकीच्या जोडण्यांचा आकडा त्यात मिसळतो. किती ओहम यायला हवेत ते काढायला व्होल्टेजचा वर्ग करून त्याला वॅटने भागा. २ किलोवॅटला साधारण २६ ओहम, ३ किलोवॅटला साडेसतरा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय. आकडा बरोबर आला तर कॉइल सलग आहे, पण ती पास झाली असं नाही.

आता मीटरचं एक टोक कॉइलच्या टर्मिनलला आणि दुसरं गिझरच्या उघड्या धातूला लावा. काहीही दिसता कामा नये. आकडा दिसला तर कॉइलचं आवरण फाटलंय आणि करंट पाण्यात उतरतोय. आरसीसीबी पडण्याचं नेहमीचं कारण हेच. आरसीसीबी लावल्या लावल्या न पडता दहा मिनिटांनी पडत असेल, तर तडा तापल्यावर उघडतोय. मल्टीमीटर काही व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो, त्यामुळे असा तडा त्याला सापडत नाही. ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर लागतो, तो वायरमनकडे असतो. स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल तर गिझरचा टॉपच काढून बघा. कॉइल न्यूट्रलच्या बाजूला गळत असेल तर स्विचने फरक पडत नाही.

> सावध: आरसीसीबी पडतो म्हणून तो वगळून गिझर चालवणं म्हणजे ओल्या फरशीवर उभं राहून करंटची वाट बघणं. अर्थिंगची वायर काढून ‘आता पडत नाही’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडून काम करून घेऊ नका.

टप्पा ७: कॉइल बदलायची असेल तर

१. वीज तोडलेली आहे हे परत तपासा. इनलेटचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा म्हणजे टाकीत हवा जाईल.
२. इनलेटची जोडणी सोडून पाणी बादलीत काढा. १५ लिटर म्हणजे १५ किलो, एक बादली पुरणार नाही. पाणी पडायला लागत नसेल तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या आतला एकतर्फी पडदा अडवतोय, व्हॉल्व्हही सोडा.
३. टाकी रिकामी झाल्यावरच फ्लँजचे (कॉइल ज्यावर बसवलेली असते त्या चकतीचे) नट काढा. कॉइलबरोबर क्षाराचे पापुद्रे आणि गाळही येईल. टाकीतला गाळ हाताने आणि पाण्याने काढा, खरवडू नका, आतलं आवरण निघतं.
४. मॅग्नेशियमचा रॉड बघा. टाकीऐवजी तो गंजतो, हेच त्याचं काम. बारीक तारेइतका उरला असेल तर कॉइलसोबतच बदला. लोक इथे काटकसर करतात आणि वर्षा-दोन वर्षांत टाकी गळते. टाकीला भोक पडलं तर दुरुस्ती नसते.
५. नवी कॉइल त्याच वॅटची आणि त्याच फ्लँजची. २ च्या जागी ३ किलोवॅटची ‘लवकर तापेल’ म्हणून बसवायची तर वायर, सॉकेट आणि थर्मोस्टॅटही तेवढ्या ताकदीचे लागतात.
६. गॅस्केट (फ्लँजखालची गळती रोखणारी रबरी कडी) नवीनच. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकच बाजू पूर्ण आवळली तर दुसरीकडून गळतं.
७. अर्थिंगची वायर सगळ्यात आधी जोडा, मग फोटो बघून बाकीच्या.

टप्पा ८: परत चालू करण्याचा क्रम

गरम नळ उघडा ठेवून इनलेटचा कॉक सोडा. नळ आधी फुसफुसेल, हवा सुटेल, मग सलग धार लागेल. धार सलग झाल्यावरच टाकी भरली असं समजा. आता नळ बंद करून पंधरा मिनिटं थांबा, फ्लँजभोवती कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर परत नट आवळा. कागद कोरडा, झाकण बंद, मगच वीज.

पाण्याशिवाय चालू केलेली नवी कॉइल काही क्षणांतच जळते, आणि वॉरंटीत ते बसत नाही.

गॅस गिझर असेल तर

नळ उघडल्यावर ‘टकटक’ आवाजच नसेल तर सेल बदला. बऱ्याच गिझरना दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. नवे सेल घालूनही आवाज नसेल तर पाण्याचा दाब कमी आहे किंवा इनलेटची जाळी कचऱ्याने भरलीय. ठिणगी पडते पण ज्योत नाही, तर गॅसचा कॉक, रेग्युलेटर आणि सिलिंडर बघा. ज्योत लागून लगेच विझते, तेव्हा ज्योत ओळखणारी पिन काजळलेली असते किंवा जागेला हवा कमी पडते. ज्योत पिवळी आणि काजळी धरत असेल तर वापर थांबवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद बाथरूममध्ये तो माणूस मारतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, खेळत्या हवेतच हवा. आंघोळ करताना डोकं दुखलं किंवा गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत या.

सोलर असेल तर

टप्पा २ ची तपासणी इथे सगळ्यात आधी करा. मिक्सरमधून रात्रभर गार पाणी शिरत राहिलं तर दिवसभराची कमाई पहाटेपर्यंत जाते. मग नळ्या बघा. काचेच्या निर्वात नळीच्या एका टोकाला आत चंदेरी ठिपका असतो. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर तिच्यातली पोकळी गेली, ती नळी आता तापवत नाही. टाकीवरची हवेची नळी तुंबली तर पाणी अडकतं, गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा खाली असेल तर ती भरतच नाही. ढगाळ दिवसांसाठी टाकीत कॉइल बसवलेली असते, तिला वरचे टप्पे ४ ते ६ जसेच्या तसे लागू.

एखादी नळी फुटून टाकी रिकामी झाली असेल तर दुपारी लगेच पाणी सोडू नका. उन्हात कोरड्या तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं की बाकीच्याही तडकतात. फुटलेली बदलून झाली की नळ्या झाकून ठेवा, आणि भरायचं काम ऊन वर यायच्या आत, पहाटेच करा.